तत्त्वज्ञान परिषद आणि व्यापारी श्रावक

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडकडे जाणारा रस्ता भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे ओलांडत मुळशी खोऱ्याकडे जातो. आंबेमोहोर तांदळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या मुळशी तालुक्याची आज आणखी एक ओळख झाली आहे. पिरंगुटजवळील लवळे येथे सिंबायोसिस आणि फ्लेम या दोन विद्यापीठांचे विस्तीर्ण परिसर उभे आहेत. व्यापारी कुटुंबांतील मुलेमुली वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकण्यासाठी अशा विद्यापीठांत येतात. प्रवेशाच्या दिवशी वडील शुल्काची पावती जपून ठेवतात आणि कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेल्या भोजनाची सोय आहे की नाही, याची चौकशी आई करते. मात्र विद्यापीठाच्या फलकावर तत्त्वज्ञानाच्या परिषदेची सूचना लागलेली असली, तर ती वाचण्यास सहसा कोणी थांबत नाही. तो विषय प्राध्यापकांचा, आपला नव्हे, अशी समजूत मनात पक्की असते.

ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

तत्त्वज्ञानाच्या मोठ्या परिषदेचे स्वरूप प्रथम जाणून घेतले पाहिजे. जागतिक पातळीवर अशी पहिली परिषद १९०० मध्ये पॅरिस येथे भरली. पुढे साधारणतः दर पाच वर्षांनी ती भरू लागली. २००८ मध्ये सोल, २०१३ मध्ये अथेन्स, २०१८ मध्ये बीजिंग आणि ऑगस्ट २०२४ मध्ये रोम हे तिचे अलीकडचे मुक्काम होत. आपल्या देशात भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन १९२५ मध्ये कलकत्ता येथे भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान रवींद्रनाथ ठाकूर यांनी भूषविले. त्याआधी, नोव्हेंबर १९१९ मध्ये, पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिचे अध्यक्ष होते. पुण्याच्या परिसराला ही परंपरा नवीन नाही.

अशा परिषदेत प्रथमच जाणारा मनुष्य गोंधळून जातो. सकाळी मोठ्या सभागृहात सर्वांसाठी एक व्याख्यान होते. त्यानंतर अनेक दालनांत एकाच वेळी निरनिराळी सत्रे सुरू होतात. प्रत्येक वक्त्याला निबंध वाचण्यासाठी साधारण वीस मिनिटे मिळतात आणि नंतर थोडा वेळ प्रश्नोत्तरांसाठी असतो. एका दालनात बसल्यावर शेजारच्या दालनात काहीतरी अधिक चांगले चालले असावे, अशी चुटपुट लागून राहते. निबंधाचा सारांश काही महिने आधीच पाठवावा लागतो आणि परीक्षक त्यांतून निवड करतात. निबंध न वाचणाऱ्यांनाही बहुतेक परिषदांत नावनोंदणी करून श्रोता म्हणून बसता येते, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

अनुभवी श्रोते निबंधापेक्षा प्रश्नोत्तरांकडे अधिक लक्ष देतात. निबंध घरी सावकाश लिहिता येतो. समोरच्याने आक्षेप घेतल्यावर वक्ता काय करतो, यावर त्याची खरी पारख होते. आक्षेप नीट समजून घेऊन तो उत्तर देतो, की तेच वाक्य अधिक मोठ्या आवाजात पुन्हा म्हणतो? परिषदांविषयीची जुनी तक्रारही हीच आहे. प्रत्येकजण आपला निबंध वाचतो, टाळ्या घेतो आणि निघून जातो. दोन पेढ्यांनी वर्षानुवर्षे व्यवहार करावा, पण वह्या एकदाही समोरासमोर ताडून पाहू नयेत, तसा हा प्रकार होतो.

वह्या ताडून पाहण्याचा एक धाडसी प्रयत्न १९८३ मध्ये पुण्यातच झाला. जयपूरचे तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि मराठी वाचकांना ‘नवभारत’ मासिकामुळे परिचित असलेले प्रा. मे. पुं. रेगे यांचा त्यात पुढाकार होता. एका बाजूला पारंपरिक पद्धतीने न्यायशास्त्र शिकलेले पंडित होते, तर दुसऱ्या बाजूला पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक. दोघेही भारतात राहत होते, दोघेही तर्काचाच अभ्यास करीत होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. या चर्चेसाठी प्राचीन ग्रंथातील विषय न निवडता इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचा विधानविषयक सिद्धान्त निवडला गेला आणि तो संस्कृतमध्ये पंडितांपुढे ठेवण्यात आला.

प्रश्न वरवर सोपा दिसतो. आडत्याने ‘माल पोहोचला’ असे मराठीत कळविले, त्याच्या भागीदाराने तेच गुजरातीत कळविले. वाक्ये दोन, पण सांगितलेली गोष्ट एक. ही ‘एक गोष्ट’ म्हणजे नेमके काय? वाक्याहून वेगळे आणि कोणाच्या मनातील ज्ञानाहूनही वेगळे असे काही अस्तित्वात असते काय? रसेल यांच्या आरंभीच्या मांडणीत अशा वस्तूला स्थान आहे आणि खरे-खोटेपणा तिच्या ठायी मानला आहे. नैयायिकाला ही तिसरी वस्तू अनावश्यक वाटते. त्याच्या दृष्टीने वाक्य आहे आणि ते ऐकून श्रोत्याच्या ठिकाणी होणारे ज्ञान आहे. यथार्थ किंवा अयथार्थ असते ते ज्ञान. मध्ये आणखी काही मानण्याचे प्रयोजन काय, असे तो विचारतो.

हा प्रश्न विचारला जाण्यासाठी कोणीतरी आधी रसेल यांचे म्हणणे संस्कृतात प्रामाणिकपणे उभे करणे आवश्यक होते. ते काम कष्टाचे होते आणि त्यातच त्या मेळाव्याचे मोल होते. पुढे १९९१ मध्ये ही चर्चा ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचे आणि मगच त्याचे खंडन करायचे, या शिस्तीला आपली शास्त्रे पूर्वपक्ष म्हणतात.

जैन आचार्यांनी ही शिस्त मोठ्या निष्ठेने पाळली. हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ या ग्रंथात बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि मीमांसा या दर्शनांचा परिचय करून दिला आणि चार्वाकालाही वगळले नाही. मल्लवादींच्या ‘द्वादशार नयचक्र’ ग्रंथात बारा आरे म्हणजे बारा दृष्टिकोन येतात. प्रत्येक दृष्टिकोन आपली बाजू पूर्ण बळाने मांडतो आणि पुढचा त्यातील उणीव दाखवितो. मल्लवादींचे मूळ लुप्त झाले होते. मुनी जंबूविजयजींनी सिंहसूरींच्या टीकेच्या आधारे त्याची पुनर्रचना केली. त्यासाठी बौद्ध ग्रंथांची तिबेटी भाषांतरे तपासता यावीत म्हणून ते तिबेटी भाषा शिकले. त्याचा पहिला भाग १९६६ मध्ये भावनगरहून प्रसिद्ध झाला. एका जैन ग्रंथाच्या शुद्धीसाठी बौद्धांच्या ग्रंथांपर्यंत जाण्याची ही तयारी आहे.

आजची स्थिती कशी आहे? अनेकान्तवादाचा उल्लेख आपल्या प्रत्येक समारंभात होतो. ‘सर्वांचेच म्हणणे थोडे थोडे खरे’ एवढाच त्याचा अर्थ सांगितला जातो. हे उत्तर परिषदेच्या दालनात पाच मिनिटेही टिकत नाही. तेथे कोणीतरी उठून शंकराचार्यांचा आक्षेप मांडतो. एकाच वस्तूत ‘आहे’ आणि ‘नाही’ हे परस्परविरुद्ध धर्म एकत्र कसे राहतील? आणि सर्वच अनिश्चित असेल, तर तुमचा स्वतःचा सिद्धान्त तरी निश्चित कसा? ब्रह्मसूत्रभाष्यातील हा आक्षेप शेकडो वर्षांचा आहे. आपल्या मुलामुलींनी तो बहुधा कधी ऐकलेलाच नसतो, मग त्याचे उत्तर त्यांना कोठून सुचणार? ती गप्प बसतात आणि घरी येऊन मनातल्या मनात ठरवितात की आपल्या दर्शनात तर्काला उत्तर नाही. समाजाचे खरे नुकसान येथे होते.

वस्तुतः उत्तर आहे आणि ते सराफाच्या पेढीवर सहज समजण्यासारखे आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’ ग्रंथात सोन्याच्या घटाचा दृष्टान्त दिला आहे. घट मोडून मुकुट घडविला. ज्याला घट हवा होता त्याला दुःख झाले, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो शांत राहिला. तिघांच्या भावनांना खरोखरीचे कारण आहे. घट नाहीसा झाला, मुकुट उत्पन्न झाला, सोने कायम राहिले. ‘नाही’ म्हटले ते आकाराच्या अपेक्षेने आणि ‘आहे’ म्हटले ते द्रव्याच्या अपेक्षेने. अपेक्षा निराळ्या असल्याने विरोध उरत नाही. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा नसून ‘विशिष्ट अपेक्षेने’ असा आहे. म्हणूनच अनेकान्त संशयवादी ठरत नाही. तो अपेक्षा स्पष्ट सांगण्याची जबाबदारी वक्त्यावर टाकतो. एवढे समजलेला तरुण कोणत्याही दालनात उभा राहू शकतो.

ही तयारी घडविण्यात व्यापाऱ्यांचा वाटा पूर्वीपासून आहे. सतराव्या शतकात उपाध्याय यशोविजयजी नव्यन्यायाच्या अध्ययनासाठी काशीला गेले. त्या अध्ययनाचा खर्च अहमदाबादचे श्रेष्ठी धनजी सुरा यांनी उचलला, असे परंपरा सांगते. परमताचे शास्त्र शिकण्यासाठी श्रावकाने द्रव्य द्यावे, ही त्या काळची दृष्टी होती. महाराष्ट्रात खानदेशातील अमळनेर येथे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे तत्त्वज्ञ तेथे संचालक होते. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी ‘अज्ञान’ या एकाच विषयावर मिळून लिहिलेला ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिघांची मांडणी स्वतंत्र आहे. साने गुरुजी अमळनेरला प्रथम आले तेही याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकण्यासाठी. कापडाच्या गिरणीतील नफ्याने एका तालुक्याच्या गावी असे कार्य घडले.

आज आपला समाज दानात कोठेही मागे नाही. मंदिरे, धर्मशाळा, रुग्णालये आणि वसतिगृहे उभी राहत आहेत. परंतु प्राकृत किंवा न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा परिषदेचा प्रवासखर्च ही बाब विश्वस्त मंडळाच्या अंदाजपत्रकात क्वचितच दिसते. इमारतीवर नाव कोरता येते, प्रश्नोत्तरांवर कोरता येत नाही, हे त्यामागील कारण असावे.

आरंभ लहान गोष्टींनी करता येईल. परिषदेला जाण्यापूर्वी सारांशांची पुस्तिका मिळवून एकच विषय निवडावा आणि त्या सत्रात आरंभापासून अखेरपर्यंत बसावे. दालने बदलत फिरू नये. भोजनाचे नियम आणि सूर्यास्तापूर्वीची वेळ आयोजकांना नोंदणीच्या वेळीच कळवावी. आधी सांगितले तर बहुधा अडचण येत नाही. प्रश्न विचारायचा असल्यास तो एका वाक्यात विचारावा आणि त्याआधी ‘आपले म्हणणे मी असे समजलो, ते बरोबर आहे काय?’ असे विचारून घ्यावे. या एका सवयीत हरिभद्रसूरींचा वारसा आहे. शक्य असेल तेव्हा मुलगा, मुलगी किंवा सून यांना बरोबर न्यावे. परतीच्या वाटेवर वडिलांपेक्षा मुलीलाच अधिक समजले असल्याचे आढळले, तर त्यात संकोच मानू नये.

संघातील एका कुटुंबाने वर्षातून एका परिषदेस जावे आणि ऐकलेला एक आक्षेप व त्याचे उत्तर चातुर्मासातील स्वाध्यायात सर्वांपुढे मांडावे. उत्तर सापडले नसेल, तर केवळ आक्षेप मांडावा. त्याचे उत्तर शोधण्याचे काम मग संपूर्ण संघाचे होईल.