ताक, सोडा आणि निखारे

पाव म्हटला की आपल्याला बेकरी आठवते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आयर्लंडच्या खेड्यातली बाई मात्र घरच्या विस्तवावरच पाव भाजत असे, आणि तोही यीस्टशिवाय.

हा 'सोडा ब्रेड' फार पुरातन असावा, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. तसं नाही. खाण्याचा सोडा तिथं रुळला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी ओटच्या पिठाच्या पातळ भाकऱ्या करून विस्तवासमोर उभ्या करून वाळवत. गरिबाच्या ताटात तर भाकरीही नसे, नुसता बटाटा. १८४५ साली त्या बटाट्यावरच रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगराईनं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. सरकारनं अमेरिकेतून मका आणला, पण तो कसा शिजवायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोटं बिघडली. पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्यावर राग काढत लोक त्या पिवळ्या पिठाला 'पीलचं गंधक' म्हणू लागले. गंमत म्हणजे, पुढे हेच पीठ गव्हात मिसळून पाव होऊ लागले.

सोडाच का? तिथल्या दमट हवेतला गहू मऊ. त्याच्या पिठाला चिकटपणा कमी, त्यामुळे यीस्टनं ते नीट फुगत नाही. सोड्याचं तेवढ्यावर भागतं. लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरात असायचंच. ताकातल्या आम्लाशी सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. पण हा वायू लगेच सुटतो, म्हणून मळत बसायचं नाही. हलक्या हातानं गोळा करायचा आणि तडक विस्तवावर.

भट्टी बहुतेक घरांत नव्हतीच. तीन पायांचं, सपाट बुडाचं, झाकणाचं बिडाचं भांडं असे. त्याला म्हणत 'बॅस्टिबल'. दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचे निखारे खाली आणि झाकणावरही. कोकणात धोंडस असंच भाजत. गोळ्यावर सुरीनं क्रूसासारखी फुली मारत. कुणी म्हणे देवासाठी, कुणी म्हणे पऱ्यांना बाहेर जायला वाट. मला विचाराल तर मधल्या जाड भागापर्यंत आच पोचावी आणि चार तुकडे सहज मोडावेत, हे कारण अधिक पटतं.

पाव झाला की नाही, हे घड्याळ सांगत नसे. तो उलटा करून बुडावर बोटांनी ठोकायचं. आवाज पोकळ आला की फडक्यात गुंडाळून ठेवायचा.