मांजरासारखें रडणारें बाळ

बारशापूर्वींच एखाद्या घरांत कुजबुज सुरू होते. बाळाचें रडणें मांजराच्या पिलासारखें बारीक व तीक्ष्ण, डोकें लहान, वजन बेताचें. लगेच कोणी डोहाळ्यांचा, कोणी ग्रहणाचा दोष काढतें. आणि अखेर सर्वांचें बोट बाळंतिणीकडेच वळतें.

या रडण्याचें खरें कारण पॅरिसचे डॉक्टर जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं दाखवून दिलें. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. पांचव्या जोडींतील एका गुणसूत्राचा तुकडा गळला, म्हणजे स्वरयंत्राची घडण बिघडते व बुद्धीची वाढही मंदावते. सुमारें २० ते ५० हजार जन्मांत असें एक मूल आढळतें.

बहुधा हा तुकडा बीज तयार होतांना आपोआप गळतो. आणि असें गुणसूत्र पुष्कळदां पित्याकडून आलेलें असतें! मग सुनेलाच बोल कां? थोड्या घरांत मात्र आईबापांपैकीं एकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्याचा त्यास स्वतःला कांहींच त्रास नसतो. म्हणून पुढील अपत्याचा विचार करण्यापूर्वीं दोघांनींही रक्त तपासून घ्यावें. दोघांनींही, असें आम्ही मुद्दाम म्हणतों.

गळलेला तुकडा भरून काढणारें औषध नाहीं. परंतु व्यायाम व बोलण्याचें शिक्षण लवकर सुरू केल्यास यांतील पुष्कळ मुलें चालूं लागतात, खुणांनीं वा शब्दांनीं मनोगत सांगतात. तें रडणेंही बहुधा वयाबरोबर ओसरतें. एकत्र कुटुंबांत शिकवावयास हात पुष्कळ असतात. ते बोट दाखविण्यांत कां शिणवावे?