विमानाची तूट आणि एसटीचा तोटा

जळगावहून भुसावळकडे निघाले की महामार्गावर लागणारे पहिले मोठे गाव नशिराबाद. आज ते जळगावच्या सावलीतले गाव मानले जाते. पण एकेकाळी स्थिती अगदी उलट होती. १८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेशचे गॅझेटियर उघडले, तर ज्या तालुक्यात जळगाव मोडत होते त्या तालुक्याला नाव नशिराबादचे होते. मग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग आला. तो जळगावच्या वेशीला लागून गेला आणि नशिराबादकरांच्या वाट्याला दोन मैलांवरचे भादली स्टेशन आले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदी कापसावाचून गत्यंतर उरले नाही, आणि रेल्वेलगतच्या जळगावचा बाजार बघता बघता फुगला. नशिराबादचे कोणी काही बिघडवले नव्हते. लोहमार्गाची आखणी करणाऱ्यांच्या नकाशावर एक रेघ थोडी उत्तरेकडे गेली, एवढेच घडले.

वाहतुकीविषयीचा सरकारी निर्णय म्हणजे नुसत्या डांबराचा आणि लोखंडाचा हिशेब नसतो, हे ज्या गावाला दीडशे वर्षांपूर्वी कळले, त्याच गावाच्या शिवाराजवळ आज दुसरी एक रेघ आहे. ती विमानतळाच्या धावपट्टीची. नशिराबादपासून थोड्याच अंतरावर, कुसुंबे गावालगत जळगावचा विमानतळ पसरला आहे. त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ साली ही धावपट्टी बांधली. १९९७ साली ती जळगाव नगरपालिकेच्या गळ्यात पडली. जी नगरपालिका गावातल्या गटारी आणि नळ सांभाळताना मेटाकुटीला येते, तिने विमानतळ कसा सांभाळावा, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला होता की नाही, कळत नाही. २००७ साली तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला. २००९ साली राज्य शासन आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्यात करार झाला. २०१० साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते विस्ताराची पायाभरणी झाली. आणि मार्च २०१२ मध्ये नवा विमानतळ खुला झाला. इमारत झाली, धावपट्टी झाली. नियमित प्रवासी विमान उतरायला मात्र डिसेंबर २०१७ उजाडावा लागला.

तेही केंद्राच्या ‘उडान’ योजनेमुळे. योजनेचा हेतू निःसंशय चांगला होता. लहान शहरे हवाई नकाशावर यावीत, सुमारे तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या ठरावीक जागांचे भाडे अडीच हजार रुपयांच्या आसपास राहावे, आणि पायात साधी चप्पल घालणाऱ्या माणसालाही विमानात बसता यावे, असे एप्रिल २०१७ मध्ये तिच्या पहिल्या उड्डाणाच्या वेळी सांगितले गेले. जळगावला पहिले आले ते एअर डेक्कनचे एकोणीस आसनांचे छोटे विमान. मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर त्याला सोयीची वेळ मिळणे मुश्कील. फेऱ्या अनियमित होत गेल्या आणि काही महिन्यांतच सेवा बंद पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेटचे विमान आले. पुढे साथीचा काळ आला आणि २०२२ च्या आरंभी त्या कंपनीचा कारभारच थंडावला. २०२४ च्या एप्रिलपासून फ्लाय ९१ या कंपनीची गोवा, हैदराबाद व पुणे येथील विमाने सुरू झाली, जूनमध्ये अलायन्स एअरची मुंबई सेवा सुरू झाली, तेव्हा कोठे विमानतळावर जाग दिसू लागली. या वेळची विमाने सत्तरएक आसनांची आहेत. सुमारे पावणेदोन किलोमीटरची सध्याची धावपट्टी त्यांना पुरते. याहून मोठी विमाने उतरवायची, तर धावपट्टी वाढवणे आले, आणि धावपट्टी वाढवायची तर भोवतीची काळी जमीन लागणार हेही आले.

विमानतळाला विरोध करण्याचे काही कारण नाही. जळगावहून मुंबईला रेल्वेने जायचे म्हणजे सात-आठ तासांचा प्रवास. हृदयविकाराचा रुग्ण, व्यापारी, परदेशी निघालेला विद्यार्थी, अजिंठ्याची लेणी पाहायला येणारा प्रवासी यांना तासाभराचे विमान हवेच. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा विमान हवे की नको, हा वाद निरर्थक होय. विचार करायचा तो शासनाच्या हातातल्या मापाचा. कारण विमानाला एक माप आणि एसटीला दुसरे, असा हा व्यवहार चालला आहे.

‘उडान’ योजनेत विमान कंपनीला ज्या मार्गावर फायदा होत नाही, त्या मार्गावरची तूट शासन भरून देते. सरकारी भाषेत तिला ‘व्यवहार्यता तफावत निधी’ असे भारदस्त नाव आहे. त्या निधीतला पाचवा हिस्सा राज्याने सोसायचा असतो. शिवाय विमानतळासाठी लागणारी जमीन राज्याने विनामूल्य द्यायची, पोलीस व अग्निशमनाची व्यवस्था करायची, वीज-पाणी सवलतीने पुरवायचे आणि अशा विमानतळांवर विमानाच्या इंधनावरचा मूल्यवर्धित कर एक टक्क्यावर आणायचा. या योजनेच्या करारावर सही करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. ऑगस्ट २०१६ मध्ये झालेल्या त्या करारातल्या विमानतळांच्या यादीत जळगावचे नाव होते. यात गैर काही नाही. जी सेवा समाजाला हवी आहे पण बाजाराला परवडत नाही, तिची तूट सार्वजनिक तिजोरीतून भरावी, हे तत्त्व शासनाने मान्य केले, ही स्वागतार्हच गोष्ट आहे.

पण हेच तत्त्व जमिनीवर उतरले की त्याचे रूप पालटते. जळगाव, भुसावळ, जामनेर, यावल या आगारांतून खेड्यापाड्यांत जाणारी एसटीची गाडी रिकामी परतली, तर त्या रिकाम्या आसनांना कोणी तफावत म्हणत नाही. त्यांना तोटा म्हणतात. तोटा झाला की फेरी बंद करण्याचा विचार सुरू होतो. एसटीच्या तिकिटावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर राहिला आहे. म्हणजे शंभर रुपयांच्या भाड्यामागे साडेसतरा रुपये शासनाचे. डिझेलवरचा कर महामंडळाने इतरांप्रमाणेच भरायचा. विमानाच्या इंधनाला एक टक्का आणि एसटीच्या डिझेलला त्याच्या कितीतरी पट, हे प्रमाण ज्या अर्थशास्त्रात बसते, ते अर्थशास्त्र शाळेतल्या मास्तरांना आणि कचेरीतल्या कारकुनांना एकदा समजावून सांगायला हवे. त्यातले बहुतेक जण एसटीनेच शाळेत आणि कचेरीत जातात.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, तेव्हा राज्यकर्त्यांच्या मनात एक साधा हिशेब होता. त्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत होत्या. त्या भरल्याशिवाय हालत नसत आणि जेथे उतारू नाहीत तेथे जात नसत. प्रवासी वाहतूक सरकारी झाली ती यासाठी, की मोठ्या रस्त्यावर मिळणारा पैसा आडरस्त्याच्या गाडीवर खर्च व्हावा. ‘रस्ता तेथे एसटी’ ही घोषणा या हिशेबावर उभी होती. मुंबई-पुण्याच्या गाडीतला उतारू नकळत सातपुड्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या गाडीचा खर्च उचलीत असे. समाजवाद हा शब्दही न उच्चारता चाललेला हा मोठा समाजवादी व्यवहार होता.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची दारे सैल केली आणि हा हिशेब विसकटला. खाजगी आराम गाड्यांनी लांब पल्ल्याचे, भरभराटीचे मार्ग काबीज केले. कंत्राटी वाहतुकीचा परवाना घ्यायचा आणि प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याला उतारू भरायचे, हा प्रकार कायद्याला मान्य नाही. पण रात्री आठनंतर कोणत्याही जिल्ह्याच्या गावी रस्त्यावर उभे राहिले की तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. जवळच्या पल्ल्यावर काळी-पिवळी आणि रिक्षा. दुभती म्हैस दुसऱ्याने नेली आणि भाकड जनावरे तेवढी एसटीच्या गोठ्यात राहिली. मग एसटी तोट्यात आहे म्हणून तिला बोल लावायला सगळे मोकळे! २०२५ साली परिवहन खात्याने काढलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेल्याचे नमूद आहे. हा आकडा भयंकर आहे, यात शंका नाही. पण आडगावच्या फेऱ्यांचा आणि न फिटलेल्या सामाजिक ऋणाचा त्यातला वाटा किती आणि गैरकारभाराचा किती, याची फोड नागरिकांसमोर यायला हवी होती. गैरकारभार नाही, असे महामंडळाचा कट्टर अभिमानीही म्हणणार नाही. गळक्या टपाच्या, खिडक्यांच्या काचा खुळखुळणाऱ्या गाडीतून पावसाळ्यात प्रवास केलेला माणूस तर मुळीच म्हणणार नाही.

एसटी नसली म्हणजे काय होते, याचा प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला आहे. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीनंतर, एप्रिल २०२२ मध्ये कर्मचारी कामावर परतले. सुमारे साडेपाच महिने राज्याची ही रक्तवाहिनी थिजली होती. साथीमुळे बंद पडलेल्या शाळा-महाविद्यालये नेमकी त्याच काळात उघडत होती. खेड्यातल्या मुलाला कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जाता आले. मुलीला ते दरवेळी शक्य नव्हते. एसटीचा पास हा अनेक घरांत मुलीच्या शिक्षणाचा परवानाच असतो. पास गेला की ‘आता पुरे झाले शिक्षण’ हे वाक्य घरात उच्चारले जायला वेळ लागत नाही. त्या साडेपाच महिन्यांत किती मुलींची नावे पटावर राहिली आणि किती मुली वर्गात राहिल्या, ही मोजदाद करण्याजोगी होती.

संपानंतर शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, आणि ओस पडलेली स्थानके पुन्हा भरली. लग्नसराईत माहेरी निघालेल्या बायकांनी गाड्या अशा भरल्या, की वाहकाला पुढून मागे जाणे कठीण व्हावे. या सवलतींनी एक गोष्ट सिद्ध केली: खेड्यातला माणूस एसटीला विटलेला नव्हता. परंतु सवलत दिली म्हणजे गाडी दिली, असे होत नाही. साथीपूर्वी ज्या महामंडळाकडे अठरा हजारांच्या घरात गाड्या होत्या, त्याच्याकडे नंतर त्या पंधरा हजारांच्या आसपास उरल्या. उतारू वाढले आणि गाड्या घटल्या. सवलतींची प्रतिपूर्ती शासनाने करायची आणि महामंडळाने पगारासाठी दर महिन्याला शासनाच्या तोंडाकडे पाहायचे, असा हा संसार आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढले, तेव्हा तो बोजा पूर्ण तिकीट काढणाऱ्यावर सर्वांत जास्त पडला. तो म्हणजे रोज कामावर जाणारा मजूर आणि कारकून.

रेल्वेनेही या काळात हात आखडता घेतला होता. साथीनंतर साध्या पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसचे भाडे लावून. दहा रुपयांच्या जागी किमान तीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आले. भादलीसारख्या लहान स्टेशनावरून भुसावळला जाणाऱ्या माणसाला वीस रुपयांचा फरक म्हणजे काय, हे तोच जाणे.

विमानाच्या बाबतीत मात्र पैसा गेला आणि विमान आले नाही, असे घडूनही कोणी फारसे हळहळले नाही. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात ‘उडान’च्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब मांडला आहे. मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षे पुरी केली, आणि सवलत संपल्यावरही टिकलेले मार्ग मार्च २०२३ पर्यंत केवळ ५४. शंभरातले सात! एसटीच्या एखाद्या आगाराने शंभर फेऱ्या जाहीर करून सात चालवल्या असत्या, तर आगारप्रमुखाला गावात फिरणे कठीण झाले असते. लहान गावांना विमान देण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, असेही नाही. १९८१ साली याच हेतूने वायुदूत ही कंपनी स्थापन झाली आणि १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्सच्या पोटात गडप झाली. तो अनुभव दप्तरात होता. तरीही २०२५ च्या अर्थसंकल्पात १२० नव्या ठिकाणी विमान नेण्याची सुधारित योजना जाहीर झाली.

ती अवश्य राबवावी. मात्र जो नियम विमानाला, तोच एसटीला लावावा. तोट्याची फेरी बंद करण्याआधी तिची तूट जाहीर करावी, तिच्यावर किती विद्यार्थी, किती रुग्ण, किती भाजीवाल्या अवलंबून आहेत ते लिहून काढावे आणि ती तूट शासनाने ‘व्यवहार्यता तफावत’ म्हणून विमानासारखीच अंदाजपत्रकात दाखवून भरावी. प्रवासी कर विमानाच्या इंधनाच्या पंक्तीला बसेल इतका खाली आणावा. धावपट्टी वाढवण्यासाठी जमीन मोजायला अधिकारी कुसुंबे-नशिराबादच्या बाजूला येतील, तेव्हा त्यांच्याजवळ आणखी एक कागद असावा: ज्या गावांची जमीन जाणार, त्या गावांतून जळगाव-भुसावळला सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत किती गाड्या आहेत आणि किती असायला हव्यात. केळीचा घड काही विमानाने जात नाही. तो रावेर-सावद्याहून रेल्वेच्या वाघिणीने आणि ट्रकनेच उत्तरेला जातो. त्या केळीच्या बागेत राबणारी मजूरबाईही विमानाने येत नाही.

‘उडान’च्या नियमाप्रमाणे एखाद्या मार्गाला तूट मिळते ती तीन वर्षे. २०२४ च्या एप्रिल-जूनमध्ये जळगावहून सुरू झालेल्या विमानांची तीन वर्षे २०२७ च्या एप्रिल-जूनमध्ये भरतात. जून हा शाळा उघडण्याचाही महिना. त्या महिन्यात जळगावच्या स्थानकावर पाससाठी रांग लागेल. नव्या वर्षासाठी कोणत्या मार्गाला पैसा द्यायचा याचा निर्णय मंत्रालयात होईल, तेव्हा त्या रांगेतल्या मुलींची संख्या कोणीतरी टेबलावर ठेवलेली असावी, आणि ती आगारातून मागवून घेतलेली असावी, अंदाजाने लिहिलेली नव्हे.