आडवा भार

संपादकांना पावसाळ्याआधीच्या बचावकार्याच्या तयारीवर लेख हवा होता. लोणावळ्यातल्या एका बचाव पथकाच्या खोलीत दोर, स्ट्रेचर, पुली सगळं मांडलेलं होतं. मी मात्र कॅराबिनरपाशीच रमले.

म्युनिकच्या अग्निशामक जवानांकडची ही झडपेची कडी गिर्यारोहक ऑटो हर्त्सोगने १९१०च्या सुमारास कातळावर नेली. पुढे पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आला, वजन घटलं. इतिहास एवढा पुरे. खरी करामत गेटमध्ये, म्हणजे त्या झडपेत आहे.

पथकातले एक दादा एकेक कॅराबिनर उचलत होते. गेट दाबायचं, सोडायचं, ते आपणहून पूर्ण मिटतं का बघायचं. एकावर कोरलेले आकडे त्यांनी मला वाचायला लावले: लांबीत २२ किलोन्यूटन, आडवा ७, गेट उघडं असताना ७. बावीस म्हणजे साधारण सव्वादोन टन. पण गेट मिटलेलं असेल तरच त्याचं टोक समोरच्या खोबणीत अडकतं आणि भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. उघडं राहिलं की सगळा ताण एकट्या पाठीवर येतो आणि कडी उलगडू लागते. आरोहक पडताना कॅराबिनर खडकावर आपटला, तर गेट क्षणभर उघडू शकतं. म्हणून जिथे जीव एकाच कॅराबिनरवर असतो तिथे गेट स्क्रूने पक्कं बंद होणाराच लावायचा, आणि स्क्रू खाली येत बंद होईल असा. वर जात बंद होणारा स्क्रू हादऱ्यांनी सैल होऊन खाली उतरू शकतो. दादा हे प्रत्येक नव्या मुलाकडून हाताने करून घेतात. मला ते फार भावलं.

सह्याद्रीत पावसात दोर चिखल पितो आणि ॲल्युमिनियमला कानशीसारखा घासतो. खाच पडते, तिच्या कडा धारदार होतात, मग तोच कॅराबिनर दोराला खाऊ लागतो. दादांनी एका खाचेवरून माझं बोट फिरवलं, नख अडकलं. तो बाद. बाद झालेले ते करवतीने कापतात, कुणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून.

काळजी वाटते ती धबधब्यांवरच्या रॅपलिंगची. शनिवार-रविवारी ओल्या दोरावर माणसामागून माणूस, कॅराबिनर तेच. राज्याने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी आली. पण नोंदणीच्या कागदावर खाच दिसत नाही. कुठला कॅराबिनर कधी घेतला, केव्हा आपटला, याची वही दादांकडे आहे. एका धबधब्यावर मी तशी वही मागितली, तर आयोजक म्हणाला, "हार्नेस सगळे नवे आहेत, मॅडम. कॅराबिनरचं कुणी विचारत नाही." बोलता बोलता त्याने पुढच्या मुलीला दोरात अडकवलं. स्क्रू अर्धाच फिरवलेला होता. मी ओरडून थांबवलं, तेव्हा त्याने उरलेले आटे फिरवले.