चळ की मेंदूचा आजार?

शिवऱ्याकडचे सत्तरीतले एक आजोबा महिन्याभरात घरची वाट चुकू लागले, सुनेला ओळखेनात, धोतरात लघवी होऊ लागली. घरच्यांनी आधी अंगारा लावला, मग ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले. मी विचारले, पडले होते का? दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात डोके आपटले होते. जखम नाही म्हणून सारे विसरले. सी.टी. स्कॅनमध्ये कवटीच्या आत साकळलेले रक्त दिसले. शस्त्रक्रियेनंतर आजोबा सुनेला नावाने हाक मारू लागले.

विसरणे, संशय घेणे, रात्री बडबडणे यांमागे थायरॉईड मंदावणे, रक्तातील सोडियम घटणे किंवा झोपेच्या गोळ्याही असू शकतात. बी-१२ ची कमतरताही असते. माळकरी घरांत ती विशेष पाहावी. ही कारणे उपचारांनी बरीच सुधारतात. अल्झायमर मात्र वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. गोंधळ काही तासांत वा दिवसांत वाढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एरवी तपासणी बाह्यरुग्ण विभागातच होते. भरती बहुधा लागत नाही. डॉक्टर तारीख विचारतात, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, घड्याळ काढायला लावतात, चाल पाहतात. (घड्याळ चुकले म्हणून आजोबांना हसू नये!) पुण्याच्या ससून रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना चालू गोळ्यांची पिशवी न्यावी आणि रोज सोबत राहणारे माणूस न्यावे. बहुतेक वेळा ते सूनच असते, पण बोलायला मुलगा पुढे होतो. मनाच्या तक्रारींसाठी २०२२ पासून ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत दूरध्वनीही आहे.