आधी खडू घ्या, मग गिअरबॉक्स
जुन्या गाडीच्या पोटात : लेखांक 9

बेसाहून निघून आउटर रिंग रोड धरला आणि वर्धा रोड ओलांडला, की थोड्याच वेळात शिवमडक्याला समृद्धी महामार्गाचं तोंड लागतं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि महिन्याभरातच मी माझी कॉन्टेसा तिथं नेली. गाडी इसुझूच्या 1.8 लिटर इंजिनाची, म्हणजे पाच गिअरची. पण पाचवा टिकत नव्हता. टाकला की थोडं अंतर जाऊन उडायचा आणि दांडा न्यूट्रलला यायचा. चौथ्यावर ऐंशीच्या पुढे गेलो की इंजिन किंचाळू लागे. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायला आवाज चढवावा लागे. समोर मोकळा, सरळ रस्ता, 120 ची मर्यादा, आणि मी डाव्या कडेनं एखाद्या ट्रकसारखा चाललेलो. वाटेतूनच परत फिरलो.

त्या दिवशी मला जे हवं होतं, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. गेल्या आठवड्यात आपण क्लच पाहिला, आज हा.

गिअरचा आकडा म्हणजे साधा हिशेब आहे. गिअरबॉक्सच्या मागून निघणारा दांडा एकदा फिरायला इंजिनाला किती वेळा फिरावं लागतं, तो आकडा. पहिल्या गिअरला तो अडीच-तीन असतो, म्हणून गाडी जागेवरून उठते. सरळ टॉपला एकास एक. ओव्हरड्राइव्हमध्ये आकडा एकाच्या खाली उतरतो : 0.70 असेल तर इंजिनाच्या 70 फेऱ्यांत मागचा दांडा 100 फेऱ्या मारतो. वेग तोच, पण इंजिनाला श्वास घ्यायला फुरसत.

कॉन्टेसाला आपल्याकडे हौसेनं ‘भारताची मसल कार’ म्हणतात. व्हॉक्सहॉलच्या इंग्लिश गाडीवरून बेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सनं 1980 च्या दशकात आणली, ती 2002 पर्यंत निघत होती. खऱ्या मसल कारची गोष्ट मात्र अमेरिकेतली, आणि ती माझ्या घरात माझ्या भाच्यामुळे आली. नागपुरात इंजिनिअरिंग करून तो मिशिगनला गेला, आणि गेल्या वर्षी त्यानं 1970 ची शेव्हरोले शेव्हेल घेतली. 350 घन इंचांचं व्ही-8 इंजिन, मागे टर्बो 350 नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक. फोनवर म्हणाला, “मामा, हायवेला गाडी नुसती ओरडते. ओव्हरड्राइव्हवाला रिबिल्ट ऑटोमॅटिक टाकायचा आहे. 700 आर 4 सगळीकडे मिळतो. घेऊन टाकू?”

मी विचारलं, “हौसिंगचा आकडा किती?”

“विकणाऱ्यानं 3.31 सांगितला.”

“तू मोजलास?”

तिकडून काही उत्तर आलं नाही. गिअरबॉक्स विकत घेणारे बहुतेक जण इथंच चुकतात. ओव्हरड्राइव्हचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो मागच्या हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनच्या आकड्याला गुणला जातो, आणि पन्नास वर्षांच्या गाडीत ते क्राउन-पिनियन कंपनीचंच असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

मोजायला मिस्त्री लागत नाही. पुढच्या चाकांना ओट लावा, मागचा भाग उचलून भक्कम घोड्यांवर ठेवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. प्रॉपेलर शाफ्टवर खडूनं एक रेघ, टायरवर एक रेघ. आता एक चाक हातानं फिरवा आणि दुसऱ्याकडे पाहा. दुसरं उलट्या दिशेनं फिरलं तर ते कोणाला तरी धरून ठेवायला सांगा आणि आपलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. दोन्ही एकाच दिशेनं फिरली तर एकच फेरी पुरे. तेवढ्यात शाफ्टच्या जितक्या फेऱ्या झाल्या, तो हौसिंगचा आकडा. मग गाडी खाली घ्या, टायरच्या तळाशी रेघ ओढा, तीच जमिनीवरही ओढा, गाडी ढकलून टायरची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजा.

भाच्यानं शनिवारी मोजलं. दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरली. तिथंच माझे कान टवकारले, कारण असं हौसिंग लोक शर्यतीच्या हौसेनं बसवतात. शाफ्टच्या चार फेऱ्या झाल्या आणि रेघ थोडी पुढे गेली. 3.31 कुठलं, ते 4.10 होतं. टायरची फेरी 207 सेंटिमीटर भरली.

आता हिशेब मांडा. तिकडच्या हायवेची मर्यादा ताशी 70 मैल, म्हणजे सुमारे 112 किलोमीटर. त्या वेगाला चाक मिनिटाला जवळपास 900 फेऱ्या मारतं. 900 गुणिले 4.10 म्हणजे 3,690. इतक्या फेऱ्यांवर तासन् तास चाललेलं इंजिन ओरडणार नाही तर काय करणार? विकणाऱ्याचं 3.31 खरं असतं, तर हाच आकडा 3,000 च्या आत राहिला असता आणि गिअरबॉक्स बदलायचा विचार कदाचित पुढे ढकलता आला असता.

अमेरिकेत हे ओव्हरड्राइव्हवाले ऑटोमॅटिक आले ते तेलाच्या टंचाईमुळे. 1973 चा फटका बसला, 1975 मध्ये गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा झाला, आणि कंपन्यांना हायवेवर इंजिन सावकाश चालवणं भाग पडलं. फोर्डनं 1980 मध्ये एओडी आणला, जनरल मोटर्सनं 1981 मध्ये 200-4 आर आणि 1982 मध्ये 700 आर 4. मुख्यतः कुटुंबासाठी बनवलेल्या साध्या गाड्यांचे हे बॉक्स. पण शेव्हरोलेच्या लहान व्ही-8 ची मागची बोल्टांची रचना 1955 पासून तीच असल्यानं जनरल मोटर्सचे हे दोन्ही बॉक्स जुन्या इंजिनालाही सरळ बसतात. हौशी लोकांचं हे मोठं भाग्य.

700 आर 4 चे आकडे 3.06, 1.63, 1.00 आणि 0.70. 200-4 आर चे 2.74, 1.57, 1.00 आणि 0.67. नाव मोठं आणि बाजारात जास्त पसरलेला तो पहिला. पण 4.10 च्या हौसिंगशी 3.06 चा पहिला गिअर लावला तर गुणाकार साडेबाराच्या घरात जातो. गाडी उठेल जोरात, पण चौक ओलांडण्याआधी पहिला संपेल आणि दुसऱ्यावर पडताना इंजिनाच्या फेऱ्या जवळजवळ निम्म्यावर येतील. 200-4 आर मध्ये ही दरी कमी आहे आणि 70 मैलांना इंजिन 2,500 च्या किंचित खाली राहतं. शिवाय त्याची लांबी आखूड शेपटीच्या टर्बो 350 इतकीच, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट कापावा लागत नाही, फक्त खालचं क्रॉस मेंबर मागे सरकवावं लागतं. 700 आर 4 सुमारे 3 इंच लांब असतो. तिथं शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करणं आलं. हौसिंग 2.73 चं असतं तर मी उलट सल्ला दिला असता. तिथं 3.06 चा पहिला गिअर वरदान ठरतो. कॉम्प्युटरवर चालणारे नंतरचे बॉक्सही चांगले आहेत, पण कार्बुरेटरच्या गाडीत वेगळा कंट्रोलर आणि तारांचं जाळं मला नको वाटतं.

200-4 आर नाजूक म्हणून बदनाम आहे. ब्यूकनं टर्बो इंजिनाच्या ग्रँड नॅशनलमध्ये 1980 च्या दशकात हाच बॉक्स वापरला. नीट बांधलेला असेल तर तो साध्या 350 ला पुरून उरतो. सगळं अडतं ते ‘नीट बांधलेला’ या दोन शब्दांपाशी.

माझ्या कॉन्टेसाचा अनुभव सांगतो. पाचवा उडायला लागल्यावर मी एका दुकानातून ‘पूर्ण रिबिल्ट’ म्हणून बॉक्स आणला. चांदीच्या रंगानं चकाकत होता. बेसातल्या आमच्या अंगणात कडुनिंबाखाली गोणपाट अंथरून मिस्त्रीनं तो उघडला. ड्रेन बोल्टच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि बोल्टवरही रंग. म्हणजे रंग लावण्याआधी तो खोललाच नव्हता. तेल पांढऱ्या थाळीत काढलं तर उन्हात सोनेरी कण चमकले. मिस्त्रीनं चुंबक फिरवलं, एकही कण चिकटला नाही. पितळ होतं ते, सिंक्रो रिंगांचं. रिंग हातात घेऊन त्यानं नख फिरवलं. आतले बारीक आटे गुळगुळीत झालेले. “भाऊ, रंग पाहून नाही घ्या लागत. खोलून पाहा लागते बाप्पा,” एवढंच तो म्हणाला. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी माझाच जुना बॉक्स नव्या रिंगा आणि बेअरिंगा टाकून त्यानं उभा केला, आणि आज पाचवा गिअर घट्ट बसतो.

ऑटोमॅटिक तर अंगणात उघडून पाहण्याची वस्तूच नाही. म्हणून बांधणाऱ्याला आधी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून घ्यायची. घर्षणाच्या प्लेटी सगळ्या नव्या की जळालेल्या तेवढ्याच बदलल्या? बुशिंग बदलली का? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण झिजलेल्या बुशिंगमधून तेलाचा दाब गळतो आणि नव्या प्लेटीही वर्षभरात जळतात. पंप उघडून मोजला का? जोडल्यावर मशीनवर चालवून प्रत्येक गिअरचा दाब तपासला का, आणि तो कागद मिळेल का? टॉर्क कन्व्हर्टर नवा, की जुनाच धुऊन दिला? 700 आर 4 घेणार असाल तर 1987 च्या पुढचा मागा. तोवर कंपनीनं बऱ्याच दुरुस्त्या केल्या होत्या. मी भाच्याला सांगितलं, या प्रश्नांवर जो चिडेल त्याच्याकडून घेऊ नकोस. तिसऱ्या माणसानं शांतपणे सगळं सांगितलं, उघड्या पंपाचे फोटोही पाठवले. त्याचा दर पहिल्या दोघांपेक्षा जास्त होता. मी म्हटलं, दे.

आता सगळ्यात जास्त बॉक्स जिच्यामुळे मरतात, ती केबल. या दोन्ही बॉक्सना कार्बुरेटरपासून एक बारीक केबल येते. गिअर बदलायला सांगणारी साधी केबल समजून लोक ती अंदाजानं लावतात. खरं तर एक्सिलेटर किती दाबला आहे हे ती बॉक्सला कळवते, आणि त्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल ढिली राहिली तर पाय पूर्ण दाबलेला असतानाही आत दाब कमीच. प्लेटी घसरतात, तापतात, आणि नवाकोरा बॉक्स पहिल्याच फेरीत जळू शकतो. कार्बुरेटर बदललेला असेल तर त्याच्या दांड्यावर केबल अडकवायची जागा बरोबर अंतरावर हवी, त्यासाठी वेगळा ब्रॅकेट मिळतो. पाय पूर्ण दाबल्यावर केबल शेवटपर्यंत ताणली गेली पाहिजे. एकानं आत बसून दाबायचं, दुसऱ्यानं बॉनेटखाली डोळ्यांनी पाहायचं. हे केल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

दुसरी गोष्ट लॉक-अपची. कन्व्हर्टरमध्ये दोन पंख्यांच्या मध्ये फक्त तेल असतं, थोडी घसरण कायम चालते आणि तिची उष्णता होते. ओव्हरड्राइव्हमध्ये ही घसरण थांबवायला आतला क्लच विजेच्या इशाऱ्यावर लागतो. त्याची तार जोडली नाही तर तेल तापतच राहतं. मे महिन्यात 45 अंशांत गाडी चालवणाऱ्या नागपूरकराला तापलेल्या तेलाबद्दल वेगळं सांगायला नको.

बॉक्स दोन आठवड्यांपूर्वी भाच्याच्या गॅरेजमध्ये पोहोचला. त्याला तो लगेच बसवायचा होता. मी विचारलं, रेडिएटरमधला तेलाचा कूलर धुतलास का? नव्हता धुतला. जुन्या बॉक्सचा चुरा त्या नळ्यांमध्ये अडकून बसतो आणि इंजिन सुरू होताच नव्या बॉक्सच्या पोटात जातो. त्यानं नळ्या सोडून आतून द्रावण मारलं, निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर गाळलं आणि फोटो पाठवला. फडक्यावर काजळीसारखा काळा थर, त्यात दोन-तीन चमकते कण. कूलर नवाच मागवला आहे.

येत्या शनिवारी बॉक्स चढेल. इंजिन सुरू करण्याआधी केबल पूर्ण ताणल्याचा व्हिडिओ मला पाठवायचा, असं आमचं ठरलं आहे.