घरचा प्रिंटर : दुरुस्ती की नवी खरेदी?

पेढीचा जमाखर्च चोख ठेवणारा व्यापारीही घरचा प्रिंटर बिघडला की हिशेब विसरतो. रागाच्या भरात तो नवा तरी आणतो, नाहीतर जुन्यावरच पैसे घालीत राहतो. दोन्ही मार्ग तोट्याचे होत.

प्रथम दोष ओळखावा. शाईच्या प्रिंटरवर अक्षरे तुटक उमटू लागली, तर बहुधा दीर्घकाळ न वापरल्याने सूक्ष्म छिद्रांत शाई सुकलेली असते. यंत्रातील सफाईची सोय एक-दोनदा वापरून पाहावी. वारंवार नव्हे, कारण तीत शाईच खर्ची पडते. काही प्रिंटरांत ही छिद्रे कार्ट्रिजवरच असतात. तेथे कार्ट्रिज बदलताच दोष जातो. ती यंत्रातच बसविलेली असल्यास तो भाग बदलणे महाग पडते. कागद वारंवार अडकत असेल, तर रबरी रोलर पुसून पाहावा.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर नवा घेणे सामान्यतः श्रेयस्कर. जुन्यासाठी पूर्वी मोजलेली रक्कम या हिशेबात धरू नये. ती परत येणारी नव्हे. नवा घेताना किमतीबरोबर दर पानामागे पडणारा खर्चही पाहावा. क्वचितच छापणाऱ्या घराला लेझर प्रिंटर बरा. त्यातील टोनर ही मुळातच कोरडी भुकटी असल्याने सुकण्याचे भय नाही.

जुने यंत्र उकिरड्यावर टाकू नये. २०२२ च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर व कार्ट्रिजे समाविष्ट आहेत. ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोचतील असे पाहावे. उपयोग आहे तोवर वस्तू राखावी आणि तो संपल्यावर योग्य हाती सोपवावी, हीच खरी काटकसर होय.